सायकलचं पंक्चर घरी काढताना: चाक उतरवण्यापासून हवा भरेपर्यंत

पंक्चर काढून आणलेलं चाक दोन दिवसांत पुन्हा हवा जाऊन बसलं, की आपण पॅचला दोष देतो. पण बऱ्याचदा पॅच जागच्या जागी पक्का असतो आणि त्याच्या शेजारी नवं भोक पडलेलं असतं. पहिलं भोक पाडणारा काटा टायरमध्येच राहून गेला, त्याने पुन्हा आपलं काम केलं. घाईत असलेल्या दुकानात भोक बुजवलं जातं, टायर आतून तपासायला सवड नसते. घरी काम करणाऱ्याला ती सवड असते, म्हणूनच हे काम स्वतः शिकण्यासारखं आहे. पहिल्यांदा तासभर लागेल. हात बसला की वीस मिनिटांत उरकतं.

आधी व्हॉल्व्ह बघा

चाक बसलं म्हणजे पंक्चरच झालं असं नाही. आपल्याकडच्या साध्या, काळ्या, उभ्या सायकलींच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो त्यात पितळी खिळ्यावर एक बारीक रबरी नळी चढवलेली असते, तीच व्हॉल्व्हट्यूब. उन्हाने आणि वयाने ती चिकट होते किंवा चिरते, मग हवा रात्रभरात हळूहळू उतरते. चाकात हवा भरा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि त्याच्या तोंडावर पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगला तर चाकाला हात लावायची गरजच नाही. वरची चकती सोडवून खिळा बाहेर काढा, जुनी नळी खरवडून टाका, नवी नळी ओली करून खिळ्यावरचं भोक पूर्ण झाकेल इतकी वर चढवा. कोरडी नळी चढत नाही, जोर केला तर फाटते. सायकल दुकानात ही नळी अगदी किरकोळ पैशांत मिळते, तुकडा घरात ठेवावाच.

लहान मुलांच्या नव्या सायकली, जाड टायरच्या एमटीबी (डोंगरवाटेच्या सायकली) यांना मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. त्यात आतली पिन सैल झाली तरी हवा जाते. रोडबाइकचा व्हॉल्व्ह बारीक आणि लांब असतो, टोकावरची इवलीशी चकती सोडवून हवा भरतात. तुमच्या पंपाचं तोंड यांपैकी कोणत्या व्हॉल्व्हला बसतं हे चाक उघडण्याआधी बघून घ्या.

चाक उतरवायचं की नाही

नाक्यावरचा कारागीर काळ्या सायकलचं मागचं चाक सहसा उतरवत नाही. सायकल आडवी करतो, टायरची एक बाजू रिमवरून काढतो, ट्यूब ओढून बाहेर घेतो आणि तिथेच पॅच लावतो. ही पद्धत उत्तम आहे, आणि भोक कुठे आहे ते समजत असेल तर तुम्हीही हेच करा. या सायकलींच्या दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या अंगाला लागतात, त्यामुळे चाक बाहेर येताना ते आडवे येतात आणि तेही सैल करावे लागतात. त्यात चेनकव्हर, कॅरियर, स्टँड. एवढा पसारा एका काट्यासाठी मांडण्यात अर्थ नाही.

चाक पूर्ण उतरवावं लागतं ते ट्यूब किंवा टायर बदलायचा असेल तेव्हा, रिमवरची, आऱ्यांची टोकं झाकणारी पट्टी तपासायची असेल तेव्हा, आणि पंक्चर वारंवार होत असेल तेव्हा. गिअरच्या सायकलचं चाक मात्र इतक्या सहज निघतं की तिथे उतरवून काम करणंच सोपं.

चाक काढणं

पोतं किंवा जुनी चादर अंथरून सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करा. घंटी, दिवा, गिअरचे खटके जमिनीवर दाबले जाणार नाहीत असं बघा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची सायकल उलटी न करता चेनची बाजू वर ठेवून आडवी ठेवलेली बरी. उलटी केल्याने कधीकधी तेलातली हवा नको तिथे जाते आणि ब्रेक पोकळ लागतो. चाक बाहेर असताना डिस्क ब्रेकचा दांडा चुकूनही दाबायचा नाही, आतले पॅड एकमेकांना चिकटतात. त्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून ठेवला की काळजी मिटली. डिस्कच्या चकतीला तेलकट बोटं लावू नका.

रिमला लागणारे ब्रेक असतील तर आधी त्यांची वायर मोकळी करा. दोन्ही अंगांना लांब दांड्या असलेल्या ब्रेकमध्ये वर एक वाकडी धातूची नळी असते. दोन्ही दांड्या हाताने रिमकडे दाबल्या की ती खोबणीतून सुटते.

काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला बहुतेक वेळा १५ मिमीचा पाना लागतो, पुढच्याला कधी त्याहून लहान. पाना मापाचाच घ्या. पकडीने किंवा सैल पान्याने नटाचे कोपरे झिजले की पुढच्या वेळी कोणताच पाना धरत नाही. दोन्ही नट आपापल्या बाजूने बघितल्यावर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. एक पूर्ण काढून मग दुसरा असं करू नका, आलटून पालटून थोडे थोडे सैल करा. सोडवायचे ते फक्त बाहेरचे नट. फ्रेमच्या आत, हबला म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला चिकटून जे पातळ नट दिसतात ते कोन (छर्ऱ्यांना धरणारा शंकूसारखा भाग) धरून ठेवणारे असतात. ते सैल झाले तर छर्ऱ्यांचं काम निघेल.

नटाखाली काय काय आहे ते नीट बघा: वायसर, कॅरियरची पट्टी, मडगार्डची तार, स्टँड. प्रत्येक सायकलचा क्रम वेगळा असतो. आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि काढलेले भाग त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. परत बसवताना निम्मा वेळ वाचतो. मग चाक पुढे ढकला, चेन सैल पडेल, ती फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या दातांवरून उचलून बाजूला घ्या आणि चाक ओढून काढा.

गिअरच्या सायकलवर चाक काढण्याआधी पॅडल फिरवत चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर आणा. मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तिथेच कमी ताण असतो, शिवाय बसवताना चेन कुठे टेकवायची हे लगेच कळतं. नंतर क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवणारा दांडा उघडा, डिरेलर एका हाताने मागे ओढून धरा आणि दुसऱ्या हाताने चाक उचला.

टायर रिमवरून काढणं: सगळी मेख इथे आहे

या कामात सर्वांत जास्त माणसं इथे अडतात आणि इथेच सर्वांत जास्त ट्यूब फाटतात. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. ताकद लावून कड रिमवरून ओढू गेलात तर एक तर हात सोलवटतील किंवा टायर उचकटायचा लिव्हर मोडेल. लागते ती फक्त थोडी ढील, आणि ती रिममध्येच दडलेली आहे. रिमचा आडवा छेद डोळ्यासमोर आणा. कडेला दोन उंच काठ आणि मध्ये खोलगट पन्हाळ. त्या खोलगट भागात चाकाचा घेर काठापेक्षा लहान असतो. टायरची कड तिथे ढकलली की तारेला समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते.

म्हणून आधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा. पितळी खिळ्याचा व्हॉल्व्ह असेल तर खिळाच काढून घ्या आणि चाक जमिनीवर टेकवून दाबत फिरवा. उरलीसुरली हवासुद्धा आड येते. मग दोन्ही अंगठ्यांनी टायरच्या बाजू आत दाबत पूर्ण चक्कर मारा, दोन्हीकडून. जुना टायर रिमला चिकटलेला असतो, तो सुटेपर्यंत दाबत राहा. टायरची कड सगळीकडे मधल्या पन्हाळीत उतरली पाहिजे.

आता लिव्हर. प्लास्टिकचे दोन लिव्हर सायकल दुकानात स्वस्तात मिळतात. ते नसतील तर जाड स्टीलच्या चमच्याचा गुळगुळीत दांडा चालेल. स्क्रू ड्रायव्हर मात्र नको. त्याची धार ट्यूबमध्ये रुतते आणि एका भोकाची दोन भोकं होतात. व्हॉल्व्हच्या अगदी जवळ लिव्हर घालू नका. तिथला ट्यूबचा बुडखा जाड असतो आणि तो लिव्हरखाली चेपतो. वीतभर बाजूला, टायरच्या कडेखाली लिव्हरचं फक्त टोक सरकवा, खाली दाबा, आऱ्यात अडकवा. चार बोटांवर दुसरा लिव्हर घाला. दुसरा उचलला की कड बाहेर पडू लागते, मग तोच लिव्हर रिमवरून सरकवत न्या. अडलं तर समोरच्या बाजूची कड पुन्हा पन्हाळीत ढकला. दर वेळी अडण्याचं कारण तेच असतं.

एकच बाजू काढा, दुसरी रिमवरच राहू द्या. आतून ट्यूब ओढून घ्या, व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी. व्हॉल्व्हवर रिमला धरून ठेवणारी चकती असेल तर ती आधी सोडवा. आणि ट्यूब बाहेर काढताना तिची डावी-उजवी बाजू विसरू नका. व्हॉल्व्हजवळ खडूने बाण काढला तर उत्तम. हा बाण पुढे फार उपयोगी पडणार आहे.

१८९१ सालापर्यंत बहुतेक हवेचे टायर रिमला चक्क चिकटवलेले असत आणि एक पंक्चर म्हणजे कित्येक तासांचं काम होतं. त्या वर्षी फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी सहज सुटणारा टायर आणला आणि शार्ल तेराँ या सायकलपटूने तोच टायर लावून पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. पंक्चर काढणं तेव्हापासून सोपं होत गेलं.

भोक आणि त्याचं कारण

ट्यूब नेहमीपेक्षा दीडपट जाड दिसेल इतकी फुगवा. मोठं भोक असेल तर कानाशी धरल्यावर आवाज येतो, बारीक असेल तर गालाजवळून फिरवा, वारा जाणवतो. तरी सापडलं नाही तर घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब वीत-वीत बुडवत न्या. बुडबुड्यांची सलग माळ म्हणजे भोक. पृष्ठभागाला चिकटलेले सुटे बुडबुडे पुसले की जातात. भोक सापडल्यावर थांबू नका, पूर्ण घेर तपासा. सराट्याच्या एका फळाला अनेक काटे असतात, त्यामुळे एकदम दोन-तीन भोकं पडू शकतात. भोकावर बॉलपेनने मोठी फुली काढा. फुलीच्या रेघा पॅचपेक्षा लांब हव्यात, नाहीतर घासताना खूण पुसली जाते.

आता भोकाची जागा वाचा. बाहेरच्या, रस्त्याकडच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर काटा, खिळा किंवा काच. एकमेकांशेजारी दोन लहान चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. काटा शोधण्यात वेळ घालवू नका, हवेकडे लक्ष द्या. आतल्या, रिमकडच्या अंगाला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या आऱ्याचं टोक वर आलं आहे. पट्टी नीट बसवल्याशिवाय, आऱ्याचं टोक कानशीने घासल्याशिवाय पॅच लावून उपयोग नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल तर ट्यूब बदला. तिथे पॅच टिकत नाही.

काट्याचं पंक्चर असेल तर मघाचा बाण कामाला येतो. ट्यूब टायरवर धरा, व्हॉल्व्ह त्याच्या जागी, बाण त्याच दिशेला. भोक जिथे येतं तिथेच टायरमध्ये गुन्हेगार आहे. टायर त्या जागी बाहेरून वाकवा, रबर उघडतं आणि काट्याचं टोक दिसतं. बाभळीचा काटा फार फसवा असतो. बाहेरचा भाग घासून जातो, रबराच्या जाडीत टोक शिल्लक राहतं आणि बाहेरून काळ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. हायवेवर चालवणाऱ्यांना फाटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा लागतात. त्या डोळ्यांना सापडणं कठीण. त्यासाठी कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. उघडं बोट फिरवू नका, काच असेल तर कापेल. काटा आतून ढकलून बाहेरून चिमट्याने किंवा नखाच्या कटरने ओढा. नंतर पूर्ण टायर एकदा असाच बघा, कारण एक काटा लागला तिथे बाकीचेही असू शकतात.

टायरला आरपार चीर पडली असेल तर आतून जुन्या टायरचा पातळ तुकडा लावा, नाहीतर ट्यूब चिरेतून फुगून बाहेर येते. ही तात्पुरती सोय आहे, तो टायर बदलावाच लागेल.

पॅच लावणं

ट्यूब पूर्ण कोरडी करा, हवा काढा, सपाट जागेवर ठेवा. पॉलिश पेपरने भोकाभोवतीचा भाग पॅचपेक्षा बोटभर जास्त घासा. चकाकी जाऊन रबर मळकट करडं दिसलं पाहिजे. ट्यूबवरची शिवणीची उंच रेघ आड येत असेल तर ती सपाट होईपर्यंत घासा, नाहीतर त्या रेघेखालून हवा निसटते. घासल्यावर स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा. बोट लावू नका, हाताला तेल असतं.

सोल्युशनचा, म्हणजे पॅच चिकटवायच्या द्रवाचा पातळ थर द्या, पॅचपेक्षा मोठा. मग थांबा. बहुतेक पॅच सुटतात ते या थांबण्याच्या अधीरतेमुळे. ओल्या सोल्युशनवर लावलेल्या पॅचखाली द्रावक अडकतो आणि जोड कधीच पक्का होत नाही. चकाकी जाऊन थर कोरडा दिसेपर्यंत, साधारण पाच मिनिटं, दम धरा. पावसाळ्यात जास्त वेळ लागेल. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ बसते. सोल्युशन पेट घेतं, तेव्हा जवळ काडी, गॅस, सिगारेट काही नको.

तयार पॅचची चकचकीत पन्नी सोलून तोच भाग खाली ठेवून लावा, मधून कडेकडे जोर देत दाबा. चमच्याच्या पाठीने रगडलं तर अजून चांगलं. वरचा पारदर्शक कागद ओढून काढण्याच्या नादात पॅचची कड उचलली जाते, तो तसाच राहिला तरी बिघडत नाही. जुन्या ट्यूबचा तुकडा वापरणार असाल तर तो गोल कापा, कोपरे ठेवू नका, त्याचीही एक बाजू घासा आणि सोल्युशन दोन्ही अंगांना लावा. वरून थोडी टाल्कम पावडर लावली की ट्यूब टायरला चिकटत नाही. पॅच लावल्यावर टायरच्या बाहेर ट्यूब खूप फुगवून बघू नका. रबर ताणलं की ताज्या पॅचच्या कडा सुटतात. खरी परीक्षा टायरच्या आत होते.

परत बसवणं

टायरच्या बाजूवर फिरण्याचा बाण असेल तर दिशा बघून घ्या. ट्यूबला जेमतेम गोल आकार येईल इतकीच हवा भरा, म्हणजे ती दुमडत नाही. आधी व्हॉल्व्ह भोकात, मग ट्यूब सगळीकडे टायरच्या आत. उघडी बाजू व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात करा आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे या. व्हॉल्व्हपाशी कड पन्हाळीत उतरू शकत नाही, म्हणून शेवटचा टप्पा तिथेच ठेवायचा. बाकी सगळीकडे कड मधोमध असली की शेवटची वीतभर कड अंगठ्यांनी चढते. लिव्हर वापरू नका. नवीन ट्यूबला भोक पडतं ते बहुधा याच क्षणी.

व्हॉल्व्ह आत ढकलून परत खाली ओढा, म्हणजे कड त्याच्या बुडाखाली बसेल. आता दोन्ही बाजूंनी टायर बाजूला सारून ट्यूब कुठे कडेखाली चिमटली नाही ना ते पूर्ण घेरभर बघा. थोडी हवा भरा, चाक फिरवा. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारखी वर दिसली पाहिजे. कुठे आत गेली किंवा कुठे फुगली असेल तर हवा काढून हाताने नीट करा. मग पूर्ण हवा.

किती हवा, हे टायरच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. काळ्या सायकलला साधारण ४० ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), रोडबाइकच्या बारीक टायरला ८० ते १००च्या आसपास. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने भरत असाल तर क्षण-क्षणभरच दाबा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते आणि ती पटकन फुटते.

नवी ट्यूब किंवा टायर घेताना बाजूवरचा मिमीमधला आकडा बघा. काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ४०-६३५. हायब्रिड सायकलच्या टायरवरही कधी २८ लिहिलेलं असतं, पण त्याचा आकडा ६२२चा असतो. ट्यूब एकवेळ चालून जाईल, टायर एकमेकांना बसत नाहीत.

चाक लावताना चेन फ्रीव्हीलवर चढवा, चाक मागे ओढा आणि दोन्ही बाजूंनी फ्रेमच्या मधोमध आणा. काळ्या सायकलची चेन मध्यावर वर-खाली साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. नट आलटून पालटून घट्ट करा. क्विक रिलीजचा दांडा निम्म्या वाटेवर जड लागायला हवा आणि बंद केल्यावर तळव्यावर त्याचा वळ उमटला पाहिजे. दांडा गोल फिरवून आवळायचा नसतो, तो मिटून बंद करायचा असतो. ब्रेकची वायर जागेवर अडकवा. ही गोष्ट विसरून रस्त्यावर जाणं फार धोक्याचं आहे. चाक फिरवा, ब्रेक दाबा, सायकल बोटभर उचलून आपटा आणि काही खुळखुळतं का ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याने टायर दाबून बघा. आदल्या रात्रीइतकाच कडक असेल तर काम झालं. थोडा मऊ असेल तर आधी व्हॉल्व्हवर थेंब ठेवा. व्हॉल्व्ह ठीक निघाला तर टायर पुन्हा उघडून पॅचच्या कडेला पाणी लावा, आणि तिथेही बुडबुडा नसेल तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा.